उन्हात नेलेली साडी

मंजुळाबाईची आणि धुळाजीची पहिली गाठ पडली, त्या दिवशी दुकानातल्या किती साड्यांच्या घड्या मोडल्या, हा आकडा धुळाजी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो. साधं गिऱ्हाईक असलं तर दोनशे. जरा भोळं दिसलं तर सातशे. बीडहून आलेल्या एका कापड एजंटाला तर त्यानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, की साड्यांचा ढीग वाढत वाढत छताच्या पंख्याला टेकला, पंखा बंद करावा लागला, आणि ढिगाच्या पलीकडे बसलेले थोरले शेठ जेवायच्या वेळी सापडेचनात. शेवटी त्यांच्या खोकल्याच्या आवाजावरून त्यांना हुडकून काढलं.

यातला खोकला तेवढा खरा. बाकीचं असं, की वीस वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानाचं शटर वर जायला आणि मंजुळाबाई पायरी चढायला एकच वेळ आली. कडेवर सहा महिन्यांची पोर, मागे नवरा रामहरी. रामहरी पायरीवर बसला तो बसल्या जागीच झोपला. दुपारपर्यंत तो तीनदा जागा झाला आणि तिन्ही वेळा "झालं का?" असं विचारून, "आत्ताच तर आलोत" हे उत्तर ऐकून पुन्हा झोपला.

घड्या मोडल्या म्हणून धुळाजीला काही वाटलं नसतं. त्याला तो पगारच मिळत होता. पण ही बाई साडी आवडली की गादीवरून उठायची, साडी हातावर घ्यायची, आणि कुणाला काही न विचारता सरळ दाराबाहेर जाऊन उन्हात उभी राहायची. पदर उलटा करून बघायची, सुलटा करून बघायची, अंगठ्यानं रंग घासायची, आणि परत येऊन साडी गादीवर टाकायची. "ह्यो रंग नळीचा हाय, साडीचा न्हाई."

नळी म्हणजे ट्यूबलाइट. मंजुळाबाईचा त्या वस्तूवर अजिबात विश्वास नव्हता.

धुळाजी तेव्हा नवा होता आणि आपल्या तोंडाबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. अकराव्या साडीला तो म्हणाला, "अक्का, साडी घरात नेसायची हाय का उनात?"

"दादा, मी ऊसतोडीला जाते," मंजुळाबाई म्हणाली. "सहा म्हैने फडात. माज्या घराला छप्परच उनाचं हाय."

धुळाजीनं बारावी साडी काढली. सूर्य कलल्यावर तिनं साडी घेतली ती, धुळाजीनं सकाळी सगळ्यात आधी दाखवलेली.

तेव्हापासून दरवर्षी, कारखाने बंद होऊन टोळ्या गावाकडे परतल्या की ती यायची. एक साडी घ्यायची, आणि त्या एका साडीसाठी पंधरा उन्हात न्यायची. धुळाजी ओरडायचा, "आला का माझा उनाचा इन्स्पेक्टर!" आणि मुद्दाम पिवळ्या लुगड्याला केशरी म्हणून तिला दोन खेपा जास्तीच्या घालायला लावायचा. मग मात्र तिच्यासाठी चहा सांगायचा. तो चहा त्याच्या खात्याचा असायचा, दुकानाच्या नव्हे. हे तो कुणाला सांगत नसे, कारण दुकानातल्या दुसऱ्या पोरांनी त्याचं जगणं मुश्किल केलं असतं.

धुळाजीला जगात दोनच गोष्टी येत. एक म्हणजे साडी अशी फेकायची, की ती हवेत उलगडून गिऱ्हाइकाच्या मांडीवर पदरानं उतरावी. दुसरी म्हणजे चोर ओळखायचा. साडी उचलणारी बाई साडीकडे बघत नाही, विकणाऱ्याकडे बघते, हे त्याचं शास्त्र. असं कुणी दिसलं की तो गादीवरूनच मोठ्यानं म्हणायचा, "अक्का, पिशवी जड झाली का? आणा, मी धरतो." बाईचा चेहरा पडायचा, साडी गुपचूप गादीवर यायची, आणि धुळाजी पुढच्याच दमात चहा सांगायचा. थोरल्या शेठना ही पद्धत फार पसंत होती. ते म्हणायचे, पोलिसात दिलेली बाई पुन्हा दुकानात येत नाही, चहा पाजलेली येते.

थोरले शेठ गेले. त्यांचा मुलगा अभिमन्यू पुण्याहून शिकून आला आणि त्या वर्षी मंजुळाबाई फडात असताना दुकानाला काच आली. आत गारवा आला, चार कोपऱ्यांत चार कॅमेरे आले, प्रत्येक साडीला प्लास्टिकचा एक बिल्ला आला, आणि दारात दोन पांढरे खांब उभे राहिले. बिल्ला न काढता साडी त्या खांबांमधून गेली की ते ओरडायचे. खांबांशेजारी हनुमान नावाचा एक आडदांड वॉचमन आला. दर्शनी भागावर केवढा तरी मोठा फ्लेक्स लागला, त्यात एक गोरी बाई पैठणी नेसून हसत होती. तिच्या सावलीत पायरीचं ऊन कायमचं गेलं. याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

एवढं करूनही त्या लग्नसराईत साड्या गेल्या. चोरांच्या टोळ्या येत होत्या. पाचसहा बाया मिळून घोळका करायच्या, एकीनं भांडण उकरून काढायचं, दुसरीनं बिल्ला कातरायचा. शेजारच्या दुकानांचंही तेच रडगाणं होतं. धुळाजीच्या गादीवरून तीन साड्या गेल्या. धुळाजीच्या! चोराचा वास दोन गल्ल्या पलीकडून ओळखणाऱ्या माणसाच्या!

अभिमन्यूशेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "धुळाजीकाका, तुमच्याच गादीवरून कशा काय जातात?"

तेवढं एकच वाक्य. त्यानंतर धुळाजी डबा एकटाच खायला लागला. आपल्या गादीवर कुणी बाई बसली, की तो आधी कॅमेऱ्याकडे बघायचा.

फेब्रुवारीत व्यापाऱ्यांची बैठक मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात झाली. गावातल्या एका वकिलांनी कायदा समजावून सांगितला. नव्या संहितेत साधी चोरी लावली, माल पाच हजारांच्या आतला असला, तर पोलीस आपणहून गुन्हासुद्धा नोंदवत नाहीत. आणि पहिलीच चोरी असून माल परत मिळाला, तर कोर्ट समाजसेवेची शिक्षा देतं.

"म्हणजे काय करायचं?" एकानं विचारलं.

"रस्ता झाडायचा म्हणा, दवाखाना पुसायचा."

सभागृह पाच मिनिटं हसत होतं. "झाडून झालं की बाजाराच्या दिवशी पुन्हा आमच्याच दुकानात!" कुणीतरी मागून ओरडलं.

वकिलांनी हात वर करून शांत केलं. पण दुकान म्हणजे माल ठेवायची इमारत, आणि इमारतीतली चोरी म्हटली की कलम वेगळं. सात वर्षांपर्यंत. जामीनसुद्धा ठाण्यात होत नाही, कोर्टात जावं लागतं. टाळ्या वाजल्या. ठराव झाला. यापुढे समझोता नाही, समज देणं नाही, चहा तर नाहीच. सापडला की ठाण्यात, आणि कलम मोठंच.

धुळाजी तिथं सतरंज्या अंथरायला गेला होता. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण टाळ्यांचा आवाज त्याला सहन होत नाही, त्या आपल्यासाठी नसल्या की फारच. तो सतरंजीच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "आन जो मधी पडल, चोराची बाजू घील, त्योबी त्यातलाच धरा!"

शिट्ट्या पडल्या. अभिमन्यूशेठनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. धुळाजीनं शिऱ्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या. दुकानात लावायची पाटीसुद्धा त्यानंच सांगून लिहून घेतली, आणि 'सात वर्षे' हे शब्द लाल रंगात काढायला लावले.

मे महिन्यात मंजुळाबाई आली ती एकटी नाही, बस्ता बांधायला आली.

रामहरी तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. तेव्हापासून करिष्मा, म्हणजे ती कडेवरची पोर, शाळा सोडून आईबरोबर तोडीला जात होती. तिला आता तेलगावकडचं स्थळ आलं होतं. मुलगा दूध संकलन केंद्रावर कायम नोकरीला. त्याची आई मुक्ताबाई मोठ्या तोऱ्याची, पण तिनं बैठकीत एक गोष्ट सांगितली होती. आमच्या घरची सून कोयत्याला जात नाही. मंजुळाबाईला हे वाक्य इतकं गोड लागलं, की ऐकू आलं नाही असं दाखवून तिनं ते मुक्ताबाईकडून तीनदा वदवून घेतलं. हुंडा, मान, पंगत, सगळं ती त्या एका वाक्यावर कबूल करून बसली होती. लग्न चार दिवसांवर होतं.

दोन्हीकडची मिळून चौदा माणसं धुळाजीच्या गादीवर बसली. धुळाजी फुलला. कित्येक महिन्यांनी त्यानं कॅमेऱ्याकडे न बघता साडी हवेत फेकली.

"विहीणबाई, ही बगा. ही नेसून तुमी वरातीत निघालात तर नवरदेव बाजूला ठिवून लोकं तुमचेच फोटू काडतेल."

"लई बोलता बाई तुमी," मुक्ताबाई म्हणाली, पण साडी मांडीवरून काढली नाही.

"ह्यो आमचा धुळादादा," मंजुळाबाई म्हणाली. "ह्येच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं. ऱ्हायलेल्यातलं निम्मं उनात नेऊन बघायचं."

"आन मग जे उरंल?" करिष्मानं विचारलं.

"त्येच्यावर चहा घ्यायचा!"

सगळी हसली. मुक्ताबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. नवरीचा शालू झाला, करवलीचं झालं, मामीचं झालं. राहिली विहिणीची साडी. मुक्ताबाईनं वांगी रंग सांगितला होता, आणि तिच्या खोडी काढण्याची कीर्ती तालुक्यात पसरलेली होती. धुळाजीनं एक वांगी साडी टाकली. मंजुळाबाईनं ती बोटांत धरली, डोळे बारीक केले आणि वर ट्यूबलाइटकडे बघून मान हलवली. मग मुक्ताबाई चहाच्या कपात बिस्कीट बुडवत असताना ती साडी हातावर घेऊन उठली.

वीस वर्षांची सवय. धुळाजीनं तिला उठताना पाहिलं. त्याला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही. तो मामाच्या फेट्याचं कापड काढायला वळला.

पायरीवर ऊन नव्हतं. मंजुळाबाई खाली उतरली. मागे खांब ओरडले, तो तिला कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाटला. रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या पुढ्यात, पांढरंशुभ्र ऊन पडलं होतं. ती रस्ता ओलांडून तिथं गेली आणि पदर उलटा करू लागली. तेवढ्यात हनुमाननं येऊन तिचं मनगट धरलं.

"आरं सोड की बाबा, रंग बगू दे," ती हसून म्हणाली.

रसवंतीवरल्या दोघांनी मोबाइल काढले होते. त्या व्हिडिओत एवढंच दिसतं. हातात साडी, मनगट धरलेलं, आणि बाई हसतेय. दुपारपर्यंत तो तेलगावला पोचला होता.

तिला दारापाशी आणलं तेव्हा बाहेर गर्दी झाली होती. शेजारचे दोन व्यापारीही आले होते. "शेठ, ठराव आपलाच हाय," त्यातला एक म्हणाला. "पहिली केस कुणाची होती बगू म्हणलं, तर तुमच्याच दारात." अभिमन्यूशेठच्या कपाळावर घाम दिसत होता. त्यांना हे नको होतं, असं धुळाजी आजही सांगतो, आणि ते बहुधा खरं असावं. कारण ते पोलिसांना फोन लावायच्या आधी धुळाजीकडे वळले आणि त्यांनी जवळजवळ आशेनं विचारलं,

"काका, तुम्ही दिली होती का हिला बाहेर न्यायला?"

धुळाजीनं तोंड उघडलं. सांगायचं काही अवघड नव्हतं. ती रंग बघते, वीस वर्षं बघते, माझ्या डोळ्यांदेखत गेली. एवढंच. पण व्यापारी त्याच्याकडे बघत होते, आणि त्यातला एक त्याच सतरंजीवर शिट्टी वाजवणारा होता. शेठच्या डोक्यामागे कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागला होता. तुमच्याच गादीवरून कशा काय जातात.

"मी दिली न्हाई," धुळाजी म्हणाला.

"विचारून नेली का तिनं?"

"इचारलं न्हाई."

दोन्ही उत्तरं खरी होती. मंजुळाबाईनं उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"धुळादादा," ती म्हणाली. अजूनही तिला हा काहीतरी पोरखेळ वाटत होता. "आवो सांगा की ह्यांला. कावून गप बसलाव?"

धुळाजी खाली वाकून साड्यांच्या घड्या घालू लागला.

मुक्ताबाई उठली. तिनं चपला पायात घातल्या आणि दारातल्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्याच मानाच्या साडीवर हात मारला. उद्या माज्या घरावर मारंल." तिच्या मागोमाग तिच्याकडची आठ माणसं गेली. मंजुळाबाई तिला हाक मारायला वळली, पण तोवर महिला पोलीस आल्या होत्या.

मामा, मामी आणि बाकीची मंजुळाबाईच्या मागोमाग ठाण्याकडे धावली, आणि गादीवर करिष्मा एकटीच बसून राहिली. तिच्याभोवती अर्धा बस्ता पसरला होता. शालू तिच्या मांडीवर होता, तो धुळाजीनं अलगद उचलून घेतला.

"काका," ती म्हणाली, "आय कावून भाइर गेली ते तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय."

"मंग?"

"सायबांनी इचारलं की सांगतो, पोरी."

ठाण्यात त्याचा जबाब घेतला. लिहिणारे हवालदार सभ्य होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली. साडी दुकानातली? दुकानातली. पैसे दिले होते? नाही. दाराबाहेर नेली? नेली. रस्ता ओलांडला? ओलांडला. तुम्ही परवानगी दिली होती? नाही. ते सगळं त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं आणि शेवटी पेन वर करून विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

जो माणूस साडीच्या काठावर वीस मिनिटं बोलू शकतो, तो म्हणाला, "न्हाई साहेब." आणि सही केली. धुळाजीची सही फार वळणदार आहे.

मोठं कलम लागलं. पहिल्या अर्जावर जामीन झाला नाही. मंजुळाबाई नवव्या दिवशी बाहेर आली. लग्नाची तारीख चौथ्या दिवशी होती.

मुक्ताबाईनं त्याच मांडवात दुसरी सून आणली नाही, तेवढा धीर तिनं धरला. आषाढ लागायच्या आत आणली.

धुळाजीचं त्या पावसाळ्यात विक्रीवरचं लक्ष उडालं. त्याची साडी हवेत उलगडेना, गोळा होऊन पडू लागली. तो बैठकीतल्या त्या वकिलांकडे गेला आणि म्हणाला, मला खरं काय ते सांगायचंय. वकील म्हणाले, तुम्ही फिर्यादीचे साक्षीदार, जे सांगायचं ते कोर्टात सांगा, तारीख लागली की समन्स येईल. मग धुळाजीनं तयारीला सुरुवात केली. धुळाजीची तयारी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दुकान उघडायच्या आधी तो रस्त्यापलीकडे उभा राहून ऊन कुठल्या घडीला कुठे येतं ते बघायचा. गादीपासून रसवंतीपर्यंतची पावलं त्यानं मोजली, एकतीस भरली. रसवंतीवाल्याला समोर बसवून तो भाषण म्हणून दाखवायचा. त्यात एका जागी आवाज चढवायचा होता, एका जागी थांबून पाणी प्यायचं होतं. हनुमाननं ते ऐकून एकदा विचारलं, "काका, हे सगळं त्या दिशी चार शब्दांत सांगायला काय झालतं बे तुमाला?" आपल्याहून वीस वर्षांनी लहान माणसानं बे म्हटलं तरी धुळाजीनं भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

नोकरी जाईल हे त्याला माहीत होतं. ते त्यानं बायकोला सांगूनही टाकलं होतं. जबाब फिरवला म्हणून आपल्यावरच खटला होईल, असंही कुणीतरी त्याला घाबरवलं. तरी तो भाषण म्हणतच राहिला.

दोन तारखा नुसत्या पुढे गेल्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात समन्स आलं. धुळाजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या एसटीनं कोर्टात गेला. काखेत पिशवी होती, पिशवीत दुकानातून रीतसर विचारून, वहीत सही करून आणलेली एक वांगी साडी होती. जज्जसाहेबांना ती आधी ट्यूबलाइटखाली आणि मग खिडकीत नेऊन दाखवायची, असा त्याचा बेत होता. अकरा वाजले, बारा वाजले. दर वेळी पुकारा झाला की तो उठायचा आणि दुसरंच नाव ऐकून बसायचा.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं शिपायाला विचारलं. शिपायानं आत जाऊन लिपिकाला विचारलं. लिपिकच बाहेर आला.

"ती केस मागच्या आठवड्यात निकाली निघाली. आरोपीच्या वकिलानं तारीख अलीकडे मागून घेतली. बाईनं गुन्हा कबूल केला."

"कबूल? आवो, पर तिनं चोरी केली न्हाई."

"तिनं स्वतः उभं राहून सांगितलं, केली म्हणून." लिपिकानं चष्मा कपाळावर सरकवला. "टोळीची गाडी निघायची होती त्यांची. कबूल केलं नसतं तर मेपर्यंत तारखांना यावं लागलं असतं. तिकडून कुठं येणार? साहेबांनी भोगली तेवढी कैद धरली आणि थोडा दंड केला. तुमचं समन्स आधीच निघालेलं होतं, ते रद्द कळवायचं राहून गेलं."

"मग माजी साक्ष?"

"आता गरज नाही. जा तुम्ही."

गाडी शुक्रवारीच गेली होती, पश्चिमेकडच्या एका कारखान्याला. तोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. मुकादमानं मंजुळाबाई आणि करिष्मा मिळून एक कोयता लिहून घेतला.